फडताळात अंथरलेला पेपर

प्रश्न : माझा भाचा बेल्जियममध्ये ल्यूवनला शिकतो. जुन्या घरात खोली घेतली आहे. तिथलं लाकडी फडताळ साफ करताना फळीवर अंथरलेला एक पेपर निघाला, त्याचा फोटो सोबत पाठवतो. वर 'दे स्टँडार्ड' असं नाव आहे आणि ए-व्ही-व्ही, व्ही-व्ही-के अशी अक्षरं आहेत. खाली बाहुली घेतलेल्या मुलीची चित्रकथा. तारखेचा कोपरा नेमका फाटला आहे. हा पेपर कुणाचा, किती जुना, आणि ती अक्षरं कशाची?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : फोटो पाहिला आणि आधी हसू आलं. गावभागातल्या आमच्या घरी आई दर दिवाळीला फडताळातले पेपर बदलायची. डबे खाली काढायला मला बोलवायची, आणि मी तिथंच उकिडवा बसून मागच्या दिवाळीच्या बातम्या वाचत राहायचो. हळदीचे डाग, तेलाच्या बरणीचं गोल वर्तुळ. तुमच्या फोटोतही उजवीकडं तसंच वर्तुळ आहे. बरणी कसली होती देव जाणे.

पुढं माझी सगळी नोकरी सांगलीत छापखान्यात गेली. आधी खिळे जुळवले, मग प्रुफं तपासली. त्यामुळं पेपर हातात आला की मी बातमीच्या आधी वरचं नाव बघतो. नाव, बोधवाक्य, किंमत, अंक. केसरीवर संस्कृत श्लोक असायचा, तशी ही तुमची अक्षरं. डचमधल्या एका घोषणेची ती आद्याक्षरं आहेत. अर्थ असा : सगळं फ्लँडर्ससाठी, फ्लँडर्स ख्रिस्तासाठी. घोषणा निघाली १८८१ साली, विद्यार्थ्यांच्या एका मासिकातून. केसरी निघाला तेच साल, पण त्यात योगायोगापलीकडं काही नाही.

फ्लँडर्स म्हणजे बेल्जियमचा उत्तरेकडचा, डच बोलणारा भाग. १८३० साली देश स्वतंत्र झाला तेव्हा कचेरी, कोर्ट, कॉलेज, लष्करातले अधिकारी, सगळीकडं फ्रेंच. शेतावर आणि चुलीपुढं डच. शिकलेला फ्लेमिश माणूस बायकोशी एका भाषेत आणि साहेबाशी दुसऱ्या भाषेत बोलायचा. या लोकांसाठी त्यांच्या भाषेत, कॅथलिक विचारांचं आणि शिकलेल्यांनी वाचावं असं दैनिक हवं, म्हणून फ्रान्स व्हान कौवेलार्ट, आल्फोन्स व्हान दे पेरे आणि आर्नोल्ड हेंड्रिक्स या तिघांनी मे १९१४ मध्ये कंपनी काढली. नाव ठरलं, भांडवल जमलं, पहिला अंक त्याच वर्षी काढायचा बेत होता. आणि ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या.

पहिला अंक निघाला ४ डिसेंबर १९१८ रोजी. लढाई थांबली ११ नोव्हेंबरला. म्हणजे चार वर्षं थांबलेलं काम या मंडळींनी तेवीस दिवसांत उभं केलं. ज्यानं कधी पहिल्या अंकाच्या रात्री छापखान्यात पाय ठेवलाय, त्याला विचारा तेवीस दिवस म्हणजे काय ते. शाई वेळेवर आली तरी नशीब.

त्या चार वर्षांत काय झालं ते कळल्याशिवाय अक्षरांचं वजन कळत नाही. ऐझर नदीच्या काठावर बेल्जियमची फौज खंदकात बसून होती. शिपाई बहुतेक फ्लेमिश, हुकूम फ्रेंचमध्ये. हुकूम समजला नाही म्हणून पोरं मेली, असं तिकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. इतिहासकार म्हणतात त्यात अतिशयोक्ती बरीच आहे, आणि मला त्यांचं पटतं. पण अपमान खोटा नव्हता. मेलेल्यांच्या थडग्यांवर त्यांच्या सोबत्यांनी हीच अक्षरं कोरली. पुढं डिक्समोयदला जो उंच मनोरा उभा राहिला, त्यावरही हीच अक्षरं. तेव्हा पेपरवर ती छापणं म्हणजे नुसतं बोधवाक्य नव्हतं, घरातल्या गेलेल्या पोराचं नाव रोज दारावर लावण्यासारखं होतं.

(इथं दरवेळी कुणीतरी मला विचारतं, की आपले सातारचे जवानही तिथंच होते ना? आपल्या अपशिंगे मिलिटरी या गावचे ४६ जण त्या महायुद्धात कामी आले, हे खरं. हिंदी पलटणी ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममधल्या ईपरच्या मोर्चावर होत्या, तेही खरं. पण मराठा पलटणी मुख्यतः लढल्या त्या मेसोपोटेमियात. दोन्ही गोष्टी एकत्र कालवू नयेत.)

मधली वर्षं भरभर सांगतो. विसाच्या दशकाच्या शेवटी पेपर गुस्ताफ साप या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाच्या हाती गेला. हे गृहस्थ मंत्रीही होते. आपला सांगलीचा आयर्विन पूल झाला त्या १९२९ सालीच या घराण्यातून 'हेट न्यूसब्लाड' हे सोप्या भाषेतलं दैनिक सुरू झालं. १९३९ मध्ये त्यात 'स्पोर्टवेरेल्ड' हा खेळाचा पेपर येऊन मिळाला. १९१३ पासून फ्लँडर्सची मोठी सायकल शर्यत भरवणारा तो हाच पेपर. तिकडं सायकल शर्यतीचं वेड आपल्याकडच्या कुस्तीसारखं, त्यामुळं खप कुठून आला हे वेगळं सांगायला नको.

आता खरी गंमत. साप मार्च १९४० मध्ये वारले आणि मे महिन्यात जर्मन पुन्हा आले. 'दे स्टँडार्ड' बंद झाला, पण त्याच छापखान्यातून जर्मनांच्या संमतीनं दुसऱ्या नावाचं दैनिक निघत राहिलं. १९४४ च्या सप्टेंबरात ब्रसेल्स मोकळं झालं, आणि शत्रूच्या राज्यात यंत्र चालू ठेवलं म्हणून हिशेब सुरू झाले. जुन्या प्रकाशकांवर बंदी आली. त्याच यंत्रांवर दुसऱ्या मंडळींनी पेपर काढला, 'दे नूवे स्टँडार्ड', म्हणजे नवा स्टँडार्ड. साप यांच्या घरच्यांनी विचारलं : यंत्र घेतलंत ठीक, पण नाव कुणाचं? प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी १९४७ मध्ये नव्या मंडळींना नाव सोडावं लागलं. त्यांचा पेपर 'दे नूवे गिड्स' झाला, आणि १ मे १९४७ ला मूळ 'दे स्टँडार्ड' साप यांचे जावई आल्बर्ट दे स्माले यांच्याकडून पुन्हा निघाला.

मला हा प्रसंग वाचून झोप लागली नव्हती. मी ज्या दैनिकात होतो ते बंद पडलं तेव्हा मालकांनी मशीन विकलं, जागा विकली, खिळे किलोवर गेले. आमचा सात महिन्यांचा पगार अजून यायचाय. सगळ्याला गिऱ्हाईक होतं, नावाला कुणी विचारलं नाही. नावाची ती लाकडी ब्लॉकवरची पट्टी मी पिशवीत घालून घरी आणली. ती माझी नाही हे मला ठाऊक आहे. मागितली तर देईन.

आता तुमची बाहुलीवाली मुलगी. तिचं नाव विस्के. विली व्हान्डरस्टीन यांची ही चित्रमालिका ३० मार्च १९४५ रोजी सुरू झाली, आणि कुठं? त्याच 'नव्या स्टँडार्ड'मध्ये. आधी तिच्याबरोबर रिक्की नावाचा थोरला भाऊ होता. चित्रकाराला तो जड वाटू लागला, तेव्हा दुसऱ्या गोष्टीत त्याला रेशनच्या कुपनावर बूट आणायला पाठवलं. तो गेला तो आलाच नाही. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्याला हे लगेच पटेल. त्याच्या जागी सुस्के आला आणि जोडी जमली. नावाचा निकाल लागल्यावर व्हान्डरस्टीनही 'दे स्टँडार्ड'कडं गेले, सुस्के-विस्केला घेऊन. मागं राहिलेल्या पेपरला जागा भरायला माणूस हवा, म्हणून १९४७ मध्येच मार्क स्लेन यांनी तिथं नवी मालिका सुरू केली, जी पुढं 'नेरो' नावानं गाजली. एका पाटीच्या भांडणातून दोन चित्रकथा लागल्या.

दे स्माले यांनी पेपरभोवती मोठा पसारा उभा केला आणि तो पसाराच अंगावर आला. जून १९७६ मध्ये दिवाळं निघालं. अँटवर्पचे उद्योगपती आंद्रे लायसन यांनी पैसेवाली माणसं जमवली, नवी कंपनी काढली आणि पेपर उभा राहिला. आज तो 'मीडियाहाउस' या मोठ्या कंपनीकडं आहे.

आणि अक्षरं? ती १९९९ मध्ये काढून टाकली. तेव्हाचे संपादक पेटर व्हान्डरमेर्श. वाचकांतले बरेचसे चर्चमध्ये जायचे थांबले होते, आणि फ्लेमिश घोषणांवर एव्हाना कडव्या राष्ट्रवाद्यांनी हक्क सांगितला होता. मी त्या खुर्चीत असतो तर मीही काढली असती. पण आदल्या रात्री पान लावताना हात थरथरला असता, हेही खरं.

म्हणजे तुमचा अंक १९९९ च्या अलीकडचा नाही, आणि विस्के तिथं आहे म्हणजे १९४७ च्या पलीकडचा नाही. आणखी एक खूण : फोटोत भाच्यानं शेजारी स्टीलची पट्टी ठेवली आहे, हुशार दिसतो. पान मोठ्या आकाराचं आहे. लहान आकार २००४ मध्ये आला. याहून जवळ जायचं तर चित्रकथेच्या चौकटीखाली बारीक आकडे असतील, त्यांचा जवळून फोटो पाठवायला सांगा. आणि चिकटपट्टी लावू नका म्हणावं. पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते.

प्रश्न : फ्लेमिश ही डचहून वेगळी भाषा का? आमच्या घरात कानडी, शाळेत मराठी, म्हणून विचारते. तिकडं बेळगावसारखं काही आहे का?
— एक वाचक, जत

उत्तर : लिहायची भाषा डचच. बोली मात्र गावागणिक बदलते. आपल्याकडं कऱ्हाड सोडून जतला येईपर्यंत सूर बदलतो तशी. 'दे स्टँडार्ड' हा नीटनेटक्या लेखी डचचा आग्रह धरणाऱ्यांतला.

बेळगाव म्हणाल तर आहे. १९६२-६३ मध्ये बेल्जियमनं कायद्यानं भाषेची सीमा आखली. त्यात व्हूरेनची सहा गावं लीएज प्रांतातून काढून डच बाजूच्या लिम्बुर्गला जोडली, आणि गावकऱ्यांतले पुष्कळ लोक बिथरले. पुढं तिथल्या डच बोलायला तयार नसलेल्या महापौराचा वाद एवढा चिघळला, की १९८७ मध्ये त्यावर देशाचं सरकार पडलं. गावं म्हणाल तर आपल्या एखाद्या ग्रामपंचायतीएवढी.

वरच्या वाचकांचा भाचा शिकतो त्या ल्यूवनच्या विद्यापीठाचीही १९६८ मध्ये भाषेवरून फाळणी ठरली. फ्रेंच विभागानं फ्लँडर्सच्या जमिनीवरून जावं, या मागणीच्या बाजूनं 'दे स्टँडार्ड' जोरात होता. फ्रेंचवाल्यांसाठी वीसेक किलोमीटरवर नवं गावच वसवलं. ग्रंथालयाची वाटणी कशी केली ऐका : पुस्तकांच्या पाठीवरचे क्रमांक बघितले, विषम ते ल्यूवनला राहिले, सम ते नव्या गावाला गेले. एकाच संचाचे खंड दोन गावी.

तासगावच्या वाचकांना एक सांगायचं राहिलं. फडताळाला खालची फळी असणारच. भाच्याला म्हणावं, तीही उपसून बघ.