जावा ८ वरून निघताना

थेट जावा २५ वर उडी मारू नकोस रे. तुझा प्रोजेक्ट जावा ८ वर, म्हणजे २०१४ सालच्या व्हर्जनवर आहे. मधली एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी व्हर्जन) ११, १७ आणि २१. मी प्रत्येकावर थांबून सगळ्या टेस्ट चालवतो.

पहिला दणका ११ ला बसतो. त्यातून जॅक्सबी (एक्सएमएल आणि जावा ऑब्जेक्ट यांची अदलाबदल करणारी लायब्ररी) काढून टाकलंय, म्हणून एक्सएमएलचा जुना कोड कंपाइलच होत नाही. ती लायब्ररी वेगळी जोडावी लागते. १७ वर जुन्या लायब्ररी रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्राममधून क्लासच्या आत डोकावायची सोय) जावाच्या आतल्या क्लासमध्ये हात घालतात, १७ ते अडवतं आणि अ‍ॅप सुरू होतानाच पडतं. तिथे अ‍ॅड-ओपन्सचा फ्लॅग (तो अडथळा उठवणारा पर्याय) लावून वेळ मारून नेऊ नकोस, लायब्ररीचं नवीन व्हर्जन घे. त्याआधी जेडेप्स हे अवलंबित्व तपासणारं टूल चालव, आतल्या एपीआयला कोण चिकटलंय ते जारसकट दिसतं.

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या ३ ला किमान जावा १७ लागतं, शिवाय जावॅक्स नावाच्या पॅकेजचे बरेच इम्पोर्ट बदलून जकार्ता करावे लागतात. आधी १७ वर स्थिरावून घे, बूट पुढच्या रिलीजला. दोन्ही एकत्र केलं तर बग नक्की कुठून आला हे शोधण्यात रात्री जातात, मी घालवल्यात.

आता नवं एलटीएस दर दोन वर्षांनी सप्टेंबरात येतं. प्रॉडक्शनवर मी जानेवारीच्या अपडेटनंतरच नेतो. मॅनेजरकडून या अपग्रेडसाठी दोन स्प्रिंट (टीमच्या कामाचे ठरावीक टप्पे) आत्ताच मागून ठेव.