त्या रेघोट्या नाहीत

प्रश्न : माझी मुलगी नाशिकला बी.ए. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीला ७८ टक्के होते. रात्री बारापर्यंत पावसाच्या नकाशांवर हाताने रेघोट्या मारत बसते. हे काम कॉम्प्युटर क्षणात करतो. वैतागून मी तिचं ड्रॉइंगचं सामान कपाटात कुलूपबंद केलं. तिला बँकिंगच्या क्लासला घालू का? चुलतभावाचा मुलगा आयटीत चांगलं कमावतो.
– एक पालक, सिडको

उत्तर : आधी ते कुलूप काढा. पत्रात टक्के आहेत, क्लास आहे, चुलतभावाचा मुलगाही आहे. मुलीला काय हवंय, याची एक ओळ नाही. कॉलेजचं प्रात्यक्षिक मन लावून करणाऱ्या मुलीच्या पेन्सिली काढून घेतल्या, हे वाचून मला फार वाईट वाटलं. टक्क्यांची मला काळजी नाही. घरात अशी शिक्षा झालेली मुलं आवडीचं काही सांगायचंच सोडून देतात, त्याची आहे.

आता ‘कॉम्प्युटर क्षणात करतो’ याबद्दल. ती काढते त्या समपर्जन्य रेषा, सारखा पाऊस पडणारी ठिकाणं जोडणाऱ्या. नकाशावर एका केंद्राला १००० मिमी, ९ सेंटीमीटरवरच्या दुसऱ्याला ७००. मग ९०० ची रेघ पहिल्यापासून ३ सेंटीमीटरवर, ८०० ची ६ वर. इतकं कॉम्प्युटरही करतो. पण इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस आणि येवला-नांदगावकडे ५०० च्या आसपास. मधला उतार सारखा नाही. घाटमाथा ओलांडला की पाऊस झपाट्याने घटतो, तिथे रेघा एकमेकींना खेटतात आणि पूर्वेला विरळ होतात. नुसत्या अंतरावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला सह्याद्री दिसत नाही. तो कुणीतरी दाखवावा लागतो. धरणाच्या पाणलोटात सरासरी किती पाऊस पडला, याचा हिशेबही याच रेघांवरून करतात.

बँकेच्या परीक्षांना कुठल्याही शाखेची पदवी चालते, त्या नंतरही देता येतील. भूगोलात एम.ए. किंवा एम.एस्सी., पुढे जीआयएस म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि त्यांमागची माहिती हाताळण्याचं तंत्र, उपग्रहांच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास शिकवणारी डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था, हा रस्ता तिच्यासाठी खुला आहे. पाण्यावर संशोधन करणारी ‘मेरी’ ही संस्था तर तुमच्या नाशिकातच, दिंडोरी रोडला आहे.

क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. हाच नकाशा तिला त्यावरही करू द्या. दोन्ही शेजारी ठेवून रेघा कुठे जुळत नाहीत आणि का, ते तिच्याकडून समजून घ्या. क्लासची फी अजून भरली नसेल, तर थांबा.