गरोदरपणातले मद्यपान: वर्षांनंतरची आठवण कितपत खरी धरावी?

मुलाच्या शिकण्यात अडचणी दिसू लागल्या की गरोदरपणी घेतलेल्या मद्याची आठवण काही आयांना छळू लागते. नाशिकमध्ये सुट्टीच्या दिवशी वायनरीत जाणे अनेक कुटुंबांना नवे राहिलेले नाही, त्यामुळे इतक्या वर्षांनी आठवलेले डॉक्टर खरे मानतील का, असे मला वरचेवर विचारले जाते.

गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका ताईंचा मुलगा दुसरीत होता आणि वाचनात बराच मागे होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). दुसरा महिना चालू असताना आपण वायनरीत चार ग्लास वाइन प्यायलो, असे त्या ठामपणे सांगत होत्या. दवाखान्यात नाव नोंदवताना मात्र, सासूबाई शेजारी असताना, त्यांनी "मी काही घेत नाही" असे उत्तर दिले होते.

गरोदरपणी लाजेमुळे आणि धाकामुळे प्रमाण कमी सांगितले जाते. काही वर्षांनी पुन्हा विचारल्यावर अनेक स्त्रिया अधिक प्रमाण सांगतात, असे अमेरिकेतील अभ्यासांत आढळले आहे. म्हणून उशिराचे उत्तर टाकाऊ नसते. पण अपराधी भावनेने आठवण फुगूही शकते.

आम्ही दोघींनीच जुनी फाइल उघडली. सोनोग्राफीच्या कागदावर शेवटच्या पाळीची तारीख होती आणि मोबाइलमधला वायनरीचा फोटो पाळीनंतरच्या सहाव्या दिवसाचा, म्हणजे गर्भधारणेच्या आधीचा, निघाला. ताईंना रडू आवरेना. मात्र पुढचे फोटो पाहताना दिराच्या हळदीची रात्र समोर आली. तेव्हा सहावा आठवडा चालू होता. "त्या रात्रीही घेतली होती, पण किती ते खरंच आठवत नाही," त्या म्हणाल्या.

मी डॉक्टरांसाठीच्या चिठ्ठीत तसेच लिहिले: वायनरी – गर्भधारणेआधी; हळद – सहावा आठवडा, प्रमाण अनिश्चित. अंदाजाने आकडा भरण्यापेक्षा 'अनिश्चित' अशी प्रामाणिक नोंद डॉक्टरांच्या अधिक उपयोगाची असते, असे माझे ठाम मत आहे.

गरोदरपणी मद्याचे सुरक्षित प्रमाण ठरलेले नाही, म्हणून "काहीच झाले नसेल" असे मी म्हटले नाही; पण त्या एका रात्रीवर सगळा दोष ठेवायलाही आधार नव्हता. मद्यामुळे झालेल्या गर्भदोषाचे निदान करताना आईच्या सांगण्याबरोबरच मुलाची वाढ, चेहऱ्याची ठेवण आणि मेंदूचे कार्यही तपासतात. दृष्टिदोष, श्रवणदोष आणि डिस्लेक्सिया (वाचन-लेखन शिकण्यातली अडचण) हेही पाहावे लागते. त्यासाठी मी त्यांना विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि निदानाची वाट न पाहता वाचनासाठीची विशेष शिकवणी लगेच सुरू करायला सांगितले.