उभ्या रेघांचा धबधबा

प्रश्न : कपाटातून सेगा कंपनीचा जुना गेम कन्सोल मेगा ड्राइव्ह काढून नव्या मोठ्या टीव्हीला जोडला. इतक्या वर्षांनी सुरू झाला, याचाच आधी आनंद! पण ‘सॉनिक’ हा खेळ लावला आणि हिरमोड झाला. लहानपणी ज्या धबधब्याकडे बघत बसायचो तो आता नुसत्या उभ्या पट्ट्यांचा दिसतो. सगळं टोकेरी, खडबडीत. शिवाय खेळाचा नायक सॉनिक चक्क जाडा झालाय. यंत्र बिघडलंय, की माझी आठवणच खोटी?

उत्तर : यंत्र ठणठणीत आहे आणि आठवणही खरी आहे. बदललाय तो टीव्ही. सॉनिकच्या जाडेपणाचं आधी उरकू : सेटिंगमध्ये जाऊन चित्राचं माप १६:९ वरून ४:३ करा, गडी लगेच सडपातळ होईल.

आता धबधबा. त्याने मलाही फसवलंय, फक्त उलट बाजूने. १९९१ च्या त्या खेळातलं पाणी खरोखर आरपार दिसतं, अशी माझी कित्येक वर्षं ठाम समजूत होती. मग एकदा एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळ थांबवला आणि चित्र आठपट मोठं करून बघितलं. पाणी नव्हतंच! एक उभी रेघ पाण्याची, शेजारची मोकळी, पुन्हा एक पाण्याची, पुन्हा मोकळी. मोकळ्या रेघांमधून मागचं दृश्य दिसत होतं, बांबूच्या चिकाच्या पडद्यातून दिसावं तसं. मी बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिलो. फसवलं गेल्याचा इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

मुद्दा असा, की दोन रंग एकमेकांत मिसळून अर्धपारदर्शक पाणी दाखवायची सोय मेगा ड्राइव्हमध्ये नव्हती. एकूण ५१२ रंगांमधून एका वेळी पडद्यावर साधारण ६४ रंग, एवढीच पुंजी. पण टीव्हीला चित्र जायचं ते बहुधा पिवळ्या पिनेच्या कॉम्पोझिट वायरीतून. तिच्यात उजेड आणि रंग एकाच तारेतून कोंबून पाठवलेले असतात. त्यामुळे शेजारशेजारचे बारीक ठिपके वेगळे राहत नाहीत, आडवे एकमेकांत ओघळतात. ही त्या वायरीची खोडच आहे. चित्रकारांनी तीच कामाला लावली. त्यांनी रेघा काढल्या आणि मिसळायचं काम वायरीवर सोडलं. तुम्ही लहानपणी पाहिलेलं पाणी खेळाच्या कार्ट्रिजमध्ये कधीच नव्हतं. ते तुमच्या टीव्हीवर, दर क्षणाला नव्याने तयार होत होतं.

गंमत म्हणजे, हौशी मंडळी पुढे मेगा ड्राइव्हला आरजीबी वायर (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांतून नेणारी) लावू लागली. चित्र काचेसारखं स्वच्छ झालं आणि पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरसुद्धा धबधब्याच्या पट्ट्या झाल्या. स्वच्छ चित्र हवं की पाणी हवं, एक काय ते ठरवा.

नव्या टीव्हीची आणखी एक अडचण. हे कन्सोल दर वेळी साधारण २४० ओळींचं पूर्ण चित्र पाठवतात. बरेच नवे टीव्ही त्याला ४८० ओळींचं अर्धं चित्र समजतात, शेजारच्या चित्रांशी त्याची सांधेजोड करतात आणि घोळ घालतात. जुन्या खेळांत काही सावल्या एका फ्रेमला, म्हणजे एका चित्रात, दिसायच्या, पुढच्या फ्रेमला गायब व्हायच्या. त्या उघडझापीतून डोळ्याला अंधूक सावली भासायची. सांधेजोड करणाऱ्या टीव्हीवर तिचा पार चुथडा होतो.

तर उपाय. टीव्हीचा गेम मोड चालू करा आणि शार्पनेस शून्यावर आणा. २४० ओळी ओळखणारा अपस्केलर, म्हणजे चित्र मोठं करून नव्या टीव्हीला देणारं यंत्र, मिळाला तर उत्तमच. एम्युलेटर वापरणार असाल, तर नुसत्या आडव्या काळ्या रेघा मारणारा फिल्टर निवडू नका, हे आवर्जून सांगतो. धबधबा जुळतो रंग आडवे ओघळल्यामुळे, तेव्हा कॉम्पोझिट वायरीची नक्कल करणारा फिल्टर हवा. माझ्याकडे मात्र अजून पिक्चर ट्यूबचं धूड आहे. हलवायला दोन माणसं लागतात आणि घरच्यांचं त्याबद्दलचं मत इथे छापण्याजोगं नाही.

प्रश्न : मी १५ वर्षांचा आहे. मामाचा पहिला प्लेस्टेशन मला मिळालाय. त्यात भिंती थरथरतात, जमिनीवरच्या फरश्या वळताना वाकड्यातिकड्या होतात. याला खरंच भारी ग्राफिक्स म्हणायचे?

उत्तर : म्हणायचे. त्यात मीही होतो, आणि शब्द मागे घेणार नाही.

तुला दिसतात त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या यंत्रात सगळं त्रिकोणांचं बनलेलं असतं आणि त्रिकोणाचं टोक पडद्यावरच्या पूर्ण ठिपक्यावरच बसू शकतं, दोन ठिपक्यांच्या मध्ये नाही. म्हणून कॅमेरा हळू सरकला की टोकं या ठिपक्यावरून त्या ठिपक्यावर उड्या मारतात. ही झाली थरथर. दुसरं म्हणजे, त्रिकोणावर चित्र चिकटवताना हे यंत्र लांबचं-जवळचं असा हिशोबच करत नाही. म्हणून फरश्या वाकतात. एखाद्या भिंतीच्या अगदी जवळ जाऊन तिला समांतर बघ, मग वाकडेपणा किती वाढतो ते कळेल.

तिसरी उणीव तुला दिसली नाही, कारण ती लपवण्यातच सगळं कसब होतं. कुठला त्रिकोण पुढे आणि कुठला मागे, हे ठिपक्यागणिक लक्षात ठेवायची सोय त्या यंत्रात नाही. ती क्रमवारी प्रोग्रॅमने लावायची. १९९६ चा ‘क्रॅश बॅंडिकूट’ मिळाला तर लाव. त्यात कॅमेरा आखलेल्या वाटेनेच जातो. त्यामुळे वाटेवरच्या कुठल्या जागेवरून कुठले त्रिकोण दिसणार आणि कोण कोणाच्या पुढे, हे खेळ बनवणाऱ्या नॉटी डॉग कंपनीच्या मंडळींनी मोठ्या संगणकांवर आधीच मोजून डिस्कवर भरून ठेवलं. खेळताना यंत्राला ती डोकेफोड करावीच लागत नाही, म्हणून जंगल एवढं दाट. आणि क्रॅशकडे नीट बघ : साधारण ५१२ त्रिकोणांचा गडी, अंगावर चिकटवलेलं चित्र जवळजवळ नाहीच, नुसते रंग. त्यामुळे फरश्यांसारखा तो वाकडा होत नाही.

‘सायलेंट हिल’ या भीतीच्या खेळातलं धुकंही (१९९९) त्याच गावचं. लांबचं काढायला यंत्राला झेपत नव्हतं, म्हणून धुकं आणि काळोख आणला. मी तो खेळ रात्री खेळत नाही, एवढंच सांगतो.

प्रश्न : जुन्या कन्सोलवरचे ग्राफिक्सच्या दृष्टीने सर्वोत्तम १० खेळ क्रमवार द्यावेत.

उत्तर : क्रम लावला की पुढचे दोन महिने पत्रं फक्त भांडणाचीच येतात, त्यामुळे माफ करा. एकच खेळ सांगतो : ‘मेट्रॉइड प्राइम’, निन्टेन्डोचा गेमक्यूब कन्सोल, २००२.

त्यात तुम्ही सॅमस या मुख्य पात्राच्या शिरस्त्राणातून बाहेर बघता. वाफेच्या झोतातून गेलात की काचेवर बाष्प धरतं. पण माझी खरी दांडी उडाली ती वेगळ्याच गोष्टीने. डोळ्यांसमोर एकदम मोठा लखलखाट झाला आणि क्षणभर काचेच्या आतल्या बाजूला एका बाईचा चेहरा उमटला. मला आधी वाटलं, घरातलंच कोणीतरी मागे येऊन उभं राहिलंय आणि टीव्हीच्या काचेत दिसतंय. मागे वळून बघितलं, तर कोणी नाही. तो सॅमसचा स्वतःचा चेहरा होता. खेळताना जो जवळजवळ कधीच दिसत नाही, तो त्या लखलखाटात तेवढ्यापुरता दाखवला होता.

मग तो पुन्हा दिसावा म्हणून मी भिंतीला नाक लावून उभा राहिलो आणि गोळे झाडत बसलो, तोवर शत्रूंनी मागून येऊन मला यथेच्छ बडवलं.