बिघाड कुठून शिरला ते गिटलाच शोधू दे

प्रिय दोस्ता,

बिलावर 1,25,000 ऐवजी 125,000 छापलं जातंय, मागच्या रिलीजला बरोबर होतं, मधे चारेकशे कमिट (कोडातल्या बदलांच्या नोंदी) झालेत, तर सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. कोड वाचण्यापासून तर मुळीच करू नकोस. दुसऱ्यांच्या कोडात डोळे घालून बसलं की संशय नेहमी सगळ्यात किचकट दिसणाऱ्या फाइलवर जातो, आणि चोर भलत्याच साध्या ओळीत लपलेला असतो. आधी चालत होतं आणि आता चालत नाही, या दोन गोष्टी पक्क्या असतील तर 'गिट बायसेक्ट' चालव: कोडाचा इतिहास राखणाऱ्या गिटची ही आज्ञा इतिहास निम्मा-निम्मा करत बिघडवणारा कमिट शोधते.

अर्धवट काम पडलं असेल तर आधी स्टॅश कर, म्हणजे तात्पुरतं बाजूला ठेव. नव्याने तयार केलेल्या, अजून ॲड न केलेल्या फाइली नुसत्या स्टॅशमध्ये जात नाहीत. त्यासाठी हायफन-यू लावावं लागतं. मग 'गिट बायसेक्ट स्टार्ट', आताच्या कमिटवर उभं राहून 'गिट बायसेक्ट बॅड', आणि जुन्या रिलीजचा टॅग (त्या कमिटला दिलेलं नाव) देऊन 'गिट बायसेक्ट गुड'. तो टॅग 'गुड' म्हणून देण्याआधी स्वतः चेकआउट करून (तो कोड फोल्डरात आणून), चालवून, बिल डोळ्यांनी बघ. बहुतेक जण आठवणीवर विसंबतात. बिघाड त्याच्याही आधीचा निघाला तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. यापुढे गिट दर वेळी मधला कमिट काढून देतं, तू चालवून बघायचं आणि गुड की बॅड एवढंच सांगायचं. प्रत्येक उत्तराला निम्मे कमिट बाद होतात, म्हणून 400 कमिटना साधारण 9 फेऱ्या लागतात. 1000 असते तरी 10च.

9 फेऱ्या हाताने होतील, पण करू नकोस. चौथ्या-पाचव्या फेरीला माणूस कंटाळतो आणि चुकीचं बटण दाबतो. एक छोटी शेल स्क्रिप्ट लिही: बिल बनवणारं फंक्शन 125000 या आकड्यावर चालवायचं आणि उत्तरात 1,25,000 आहे का ते ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने) बघायचं. मग 'गिट बायसेक्ट रन' आणि पुढे स्क्रिप्टचा पत्ता. गिट फक्त तिचा एक्झिट कोड, म्हणजे संपताना ती देते तो आकडा, बघतं. 0 म्हणजे गुड. 125 म्हणजे हा कमिट तपासता येत नाही, सोडून दे. 125 वगळता 1 ते 127 म्हणजे बॅड. त्याच्या वरचं काही आलं तर शोध तिथेच थांबतो.

गडबड होते ती याच आकड्यांत. प्रोजेक्टमध्ये बिल्डच होत नाही असा एखादा कमिट असतोच. तिथे बिल्ड 1 देऊन मरतो आणि गिट त्याला बॅड धरून चुकीच्या अर्ध्यात शिरतं. म्हणून बिल्ड आणि इन्स्टॉल दोन्ही ओळींपुढे 'नाही जमलं तर एक्झिट 125' असं लिहायचंच. तुमचा प्रोजेक्ट नोडवरचा (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामवरचा) आहे, तेव्हा प्रत्येक फेरीत 'एनपीएम सीआय' चालव, म्हणजे त्या कमिटची पॅकेजेस नव्याने बसतात; नाहीतर जुन्या कोडाला नव्या पॅकेजेसवर तपासशील. वेळ लागतो, लागू दे. स्क्रिप्ट रेपोच्या (प्रोजेक्टच्या गिट फोल्डरच्या) बाहेर ठेव. आत कमिट केलीस तर जुन्या कमिटवर गेल्यावर ती गायब होईल. आणि टेस्ट कधी पास, कधी फेल अशी लहरी असेल तर बायसेक्ट चक्क खोटं बोलतं, तेही पूर्ण आत्मविश्वासाने. एखादं उत्तर चुकलंच तर सगळं पुन्हा करायला नको: 'गिट बायसेक्ट लॉग' फाइलमध्ये घे, चुकीची ओळ आणि तिच्या पुढच्या ओळी उडव, रीसेट कर, मग ती फाइल 'गिट बायसेक्ट रिप्ले'ला दे.

तुझ्या बिलाबद्दल माझा अंदाज असा: कुणीतरी आकडा त्या-त्या देशाच्या पद्धतीने लिहिणाऱ्या 'टू-लोकेल-स्ट्रिंग'च्या कंसातला 'ईएन-आयएन' (भारतीय इंग्रजी) साफसफाईत काढून टाकलाय. कंस रिकामा असला की नोड मशीनचं लोकेल (भाषा आणि देशाची सेटिंग) उचलतो. लॅपटॉप भारतीय सेटिंगवर असेल तर लाखाचा स्वल्पविराम जागच्या जागी, आणि सर्व्हर अमेरिकन इंग्रजीवर असला की हजार-हजारांचे गट. म्हणूनच तुमच्या टीममध्ये 'माझ्याकडे तर बरोबर दिसतंय' चाललं असणार. अंदाज खरा असेल तर तुझ्या लॅपटॉपवर सगळेच कमिट गुड निघतील! तेव्हा स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'एलसी-ऑल' हे लोकेल ठरवणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सर्व्हरवर आहे तसं एक्स्पोर्ट कर, आणि आताच्या कोडावर स्क्रिप्ट खरंच फेल होते ना, ते बघूनच रन सोड.

शेवटी हाती एक कमिट येईल. तो 40 फाइलींचा, 'फायनल चेंजेस' नावाचा निघाला तर एवढं करून तू कोड वाचायलाच बसणार. यावर उपाय आजच्या कामात आहे: 'गिट ॲड हायफन-पी'. तो बदलांचे तुकडे एकेक करून दाखवतो. हवा तर वाय, नको तर एन, आणि तुकडा मोठा असेल तर एस दाबून आणखी फोडायचा. नाव बदलणं एका कमिटमध्ये, वागणूक बदलणं दुसऱ्यात. रिव्ह्यू करणारेही दुवा देतील. तुमच्याकडे ब्रांच (कामाची वेगळी शाखा) मर्ज करताना आतले कमिट कच्चेच राहत असतील, तर बायसेक्ट स्टार्टला 'फर्स्ट-पेरेंट' लाव, म्हणजे शोध मुख्य ब्रांचच्या मर्जवरूनच चालतो. गिट 2.29पासून ही सोय आहे.

काम झाल्यावर 'गिट बायसेक्ट रीसेट' विसरू नकोस, तो तुला मूळ जागी परत आणतो. तो न करता तिथेच दुरुस्ती लिहून कमिट केलीस तर ती कुठल्याच ब्रांचवर नसते, आणि ब्रांच बदलली की दिसेनाशी होते. घाबरू नकोस, 'गिट रिफ्लॉग'मध्ये (तू कुठल्या कुठल्या कमिटवर होतास त्याच्या नोंदवहीत) तिचा हॅश, म्हणजे कमिटची ओळखखूण, सापडतो. तो देऊन नवी ब्रांच काढ. पण फार दिवस लावू नकोस. कुठल्याच ब्रांचवर नसलेल्या कमिटच्या रिफ्लॉगमधल्या नोंदी गिट मुळात 30 दिवसच राखून ठेवतं.