ग्रीन कार्डधारकाने वैद्यकीय गांजाच्या दुकानात पैसे गुंतवावेत का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण ओक्लाहोमा राज्यातील तुल्सा येथे राहता. आपल्याकडे आणि आपल्या पत्नीकडे ग्रीन कार्ड आहे आणि पुढील वर्षी दोघेही नागरिकत्वासाठी अर्ज करणार आहात. अमेरिकन नागरिक असलेला आपला मित्र तेथे वैद्यकीय गांजाचे परवानाधारक दुकान चालवतो. त्याच्या एलएलसीमध्ये (मर्यादित दायित्वाच्या कंपनीत) 60,000 डॉलर भरून 15 टक्के भागीदारी घ्यावी का, महिनाअखेर 5,000 डॉलर बयाणा द्यावा का, आणि अडचण असल्यास भागीदारी पत्नीच्या नावावर घेता येईल का, असे आपण विचारले आहे. पत्नी शनिवार-रविवारी त्या दुकानाचे हिशेब लिहिते, असेही आपण ओघात कळवले आहे.

माझा सल्ला नकाराचा आहे, आणि बयाणाही देऊ नये.

दुकान कायदेशीर आहे, हे मित्राने सांगितलेले चुकीचे नाही. ओक्लाहोमात 2018 च्या जूनमध्ये मतदारांनी वैद्यकीय गांजाला कौल दिला, त्यामुळे राज्याच्या दृष्टीने दुकान पूर्णपणे कायदेशीर आहे. ऑगस्ट 2022 पासून राज्याने नवे परवाने देणे थांबवल्याने जुन्या परवान्याला बाजारात किंमत आली, हेही खरे. मात्र 1970 च्या फेडरल (केंद्रीय) कायद्याने गांजा नियंत्रित पदार्थांच्या पाच अनुसूचींपैकी सर्वांत कडक अशा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे हेरॉइनच्या पंक्तीत बसवला, आणि राज्याने दिलेली परवानगी फेडरल कायद्यापुढे टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये कॅलिफोर्नियाच्या रुग्णांच्या खटल्यात 6 विरुद्ध 3 मतांनी ठरवले. थोडक्यात, राज्याचा परवाना राज्याच्या पोलिसांपुढे चालतो, त्यापलीकडे नाही.

‘मग इतकी दुकाने उघडपणे कशी चालतात?’ असे मित्र विचारेल. त्याचे कारण असे की 2014 च्या डिसेंबरपासून काँग्रेस (अमेरिकेची संसद) खर्चाच्या विधेयकात एक अट घालत आली आहे: राज्यांच्या वैद्यकीय गांजा कायद्यांच्या अंमलबजावणीत अडथळा आणण्यासाठी न्याय विभागाने पैसे खर्च करू नयेत. नवव्या सर्किटच्या (फेडरल अपील न्यायालयांच्या एका प्रादेशिक विभागाच्या) अपील न्यायालयाने 2016 मध्ये या अटीच्या आधारे, राज्याचे नियम काटेकोर पाळणाऱ्यांवरील खटले रोखता येतील असा निर्णय दिला. पण त्याच निकालात, अट उठल्यास आधीच्या कृत्यांबद्दलही खटला भरता येईल, असे बजावले. शिवाय ओक्लाहोमा दहाव्या सर्किटमध्ये येते, त्यामुळे तो निकाल तेथे बंधनकारक नाही. आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही अट फक्त न्याय विभागाचे हात बांधते. कर वसूल करणारे खाते अर्थ विभागाचे आहे आणि नागरिकत्व देणारे खाते अंतर्गत सुरक्षा विभागाचे आहे. त्या दोघांना ही अट लागू नाही, आणि आपला संबंध नेमका त्याच दोघांशी येणार आहे.

प्रथम कर पाहू. 1982 मध्ये आलेले करकायद्याचे कलम 280ई पहिल्या दोन अनुसूचींतील पदार्थांच्या व्यापाराला मालाची किंमत वजा करू देते. भाडे, पगार, जाहिरात यांसारखे इतर खर्च मात्र वजा करू देत नाही. समजा, दुकानाची वार्षिक विक्री 10 लाख डॉलर, मालाची किंमत 6 लाख आणि इतर खर्च 3 लाख आहे. खरा नफा 1 लाख, त्यात आपला वाटा 15,000 डॉलर. पण भागीदारी म्हणून कर भरणाऱ्या एलएलसीत आपल्या के-1 फॉर्मवर (भागीदाराचा उत्पन्नातील वाटा दाखवणाऱ्या कराच्या फॉर्मवर) करपात्र उत्पन्न 4 लाखांच्या 15 टक्के, म्हणजे 60,000 डॉलर धरले जाईल. आपला कराचा टप्पा 24 टक्के असेल, तर फेडरल कर 14,400 डॉलर होतो. हाती 600 डॉलर उरतात, तेही मित्राने आपला वाटा खरोखर वाटला तर. त्याने नफा दुकानातच ठेवला, तर न मिळालेल्या पैशांवरचा कर आपल्याला घरून भरावा लागेल. परताव्याचे जे आकडे मित्राने दिले आहेत, ते 280ई धरून काढले आहेत का, हे त्याला जरूर विचारा. मला ते तसे दिसत नाहीत.

दुकान बुडाले, तर दिवाळखोरीच्या फेडरल न्यायालयाचा आधार नसतो. कोलोरॅडोतील गांजा पिकवणाऱ्या एका जोडप्याची वैयक्तिक दिवाळखोरीची याचिकाही दहाव्या सर्किटच्या दिवाळखोरी अपील पीठाने 2015 मध्ये टिकू दिली नाही, आणि आपण त्याच सर्किटमध्ये आहात.

एवढे सगळे एखाद्या नागरिकाने डोळे उघडे ठेवून स्वीकारले, तर तो त्याचा प्रश्न आहे. आपल्या बाबतीत खरी अडचण पुढे आहे. नागरिकत्व खात्याने एप्रिल 2019 मध्ये स्पष्ट केले, की राज्यात कायदेशीर असले तरी गांजाच्या व्यवसायातील सहभाग, त्यात नोकरीही आली, नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘चांगल्या नैतिक चारित्र्या’च्या अटीआड येऊ शकतो. त्यासाठी शिक्षा झालेली असण्याची गरज नाही. अर्जाच्या वेळी कर विवरणपत्रे पाहिली जातात, म्हणजे दरवर्षी येणारा के-1 हाच आपल्याविरुद्धचा लेखी पुरावा ठरेल. इमिग्रेशन कायद्यात तस्करीच्या (फेडरल नजरेत गांजाची विक्रीही तस्करीच) संशयावरूनही देशात प्रवेश नाकारता येतो, त्यामुळे नाशिकला आई-वडिलांना भेटून परतताना विमानतळावर प्रश्न उभा राहू शकतो. पत्नीच्या नावावर भागीदारी घेण्याचा मार्गही येथेच बंद होतो: तस्करी करणाऱ्याच्या पती, पत्नी वा मुलांनी त्या पैशाचा लाभ गेल्या 5 वर्षांत जाणूनबुजून घेतला असेल, तर तेही त्याच कलमात अडकतात.

गांजा तिसऱ्या अनुसूचीत नेण्याचा प्रस्ताव न्याय विभागाने 2024 मध्ये मांडला आणि मित्राची सारी भिस्त त्यावर दिसते. तसे झाल्यास 280ई चा जाच संपेल, हे मान्य. पण इमिग्रेशन कायदा पाचही अनुसूचींतील नियंत्रित पदार्थांना लागू होतो, तेव्हा आपली अडचण तशीच राहील.

60,000 डॉलरपैकी सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढून उरलेली रक्कम अल्प मुदतीच्या ट्रेझरी बिलांत (अमेरिकी सरकारच्या रोख्यांत) ठेवा. मुलीच्या शिक्षणासाठी बचत करायची असेल, तर ओक्लाहोमाच्या 529 योजनेत संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्यांना राज्याच्या करपात्र उत्पन्नातून वर्षाला 20,000 डॉलरपर्यंत वजावट मिळते. नागरिकत्वाची शपथ झाल्यावरही भागीदारीची इच्छा कायम राहिली, तर दुकानाची तीन वर्षांची फेडरल विवरणपत्रे मागवून घ्या आणि एकूण बचतीच्या 5 टक्क्यांवर जाऊ नका. दुकानाला आपली जागा भाड्याने देणे किंवा मित्राला व्याजाने रक्कम देणे यांनाही तोपर्यंत नकारच असू द्या.

आता पत्नीच्या कामाबद्दल. मोबदला मिळत असो वा नसो, ते काम याच आठवड्यात थांबवावे. आजवर जे झाले, ते नागरिकत्वाचा अर्ज भरण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला, करसल्लागाराला नव्हे, कागदांसह दाखवावे. अर्जात अमली पदार्थांविषयी थेट प्रश्न असतात. त्यांची उत्तरे कशी द्यायची हे त्या वकिलाने सांगितल्याशिवाय पत्नीने, आणि आपणही, अर्जावर सही करू नये.