अमेरिकेतल्या केंटकीत अंगणात जमीन खचून खड्डा (सिंकहोल) पडलाय? आधी हे वाच

अरे घाबरू नकोस, पण काठावर जाऊ नको, वरून दिसतो त्यापेक्षा आत रुंद असू शकतो. घराच्या पायाजवळ असेल तर हात न लावता इंजिनिअरला बोलव, बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट म्युझियममध्ये २०१४ साली ८ गाड्या अशाच आत गेल्या.

नवीन माणूस सरळ ट्रकभर माती ओततो आणि ती खालच्या चुनखडीच्या फटीतून वाहून जाते, खड्डा परत हजर. त्यापेक्षा जेसीबीने खणून ती फट शोध, तिच्यात अडकतील एवढे मोठे दगड, वर लहान दगड, मग खडी, जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड), शेवटी चिकणमाती जरा उंचवटा ठेवून.

छताचं पाणी तिकडे जात असेल तर आधी ते वळव, माझ्या मते अर्धं काम तेच. आणि कचरा अजिबात टाकू नको, खड्ड्यात मुरलेलं पाणीच कुणाच्यातरी विहिरीत उतरतं.